टेलच्या वस्तीची पाळी

"गुर्जी, आज आमची पाळी हाय."

प्रार्थना नुकतीच संपली होती. पोरं रांगेनं वर्गात शिरत होती आणि वर्गाच्या दारात, माझ्याच खुर्चीवर, माने मळ्यातल्या तानूबाई पदर सावरून बसल्या होत्या. काहीतरी निरोप द्यायला आल्या असतील असं मला वाटलं.

"कसली पाळी?"

"शाळंची. मिटिंगमदी ठरलं न्हवं? सोमवार मान्यांचा."

मुख्याध्यापिका निंबाळकरबाईंनी शनिवारी मला तसं सांगितलं होतं. शाळा व्यवस्थापन समितीचं तालुक्याला प्रशिक्षण झालं होतं आणि समितीनं शाळेकडे लक्ष ठेवावं असं तिथं कुणीतरी आवर्जून सांगितलं होतं. तेव्हा रोज एक सभासद येऊन बसणार होता. बसेना का बापडा, मी म्हटलं होतं. चहा पिऊन जाईल.

"बसा की," मी तानूबाईंना म्हणालो. "बघा शाळा."

"बघती की. पन आज आमची पाळी, म्हंजी आज पयलं आमच्या मळ्याच्या पोरास्नी घ्या. बाकीच्यांचं बाकीच्या दिशी."

मी हसलो. त्या हसल्या नाहीत.

गावात पाण्याची पाळी कशी चालते हे ज्यानं पाहिलं नसेल त्याला तानूबाई वेड्या वाटतील. मला वाटल्या. पण आमचं ढोलेवाडी हे गाव माणदेशाच्या कडेचं. उपसा योजनेचा पाट आला आणि त्या गावाचं अख्खं डोकं पाळीवर चालायला लागलं. आज मान्यांची पाळी, तर पाटातला थेंब न् थेंब मान्यांचा. उद्या गावठाणाची, परवा शिंदे मळ्याची. लग्नाची तारीखसुद्धा पाळी बघून धरत. अन् आमच्या समितीचे अध्यक्ष होते बाजीराव खिलारे, म्हणजे गावचा पाटकरी. पाटाची दारं उघडायची आणि बंद करायची, हे त्यांचं काम. उशिरा झालेली लेक तिसरीत होती, म्हणून ते पालक, आणि पाटकऱ्याच्या विरोधात कोण उभं राहणार, म्हणून ते अध्यक्ष. माणूस सरळ होता. त्यांनी कुणाचं पाणी चोरून दुसऱ्याला दिलं असं शत्रूही म्हणत नसे. शाळेवर लक्ष ठेवायचं म्हटल्यावर त्यांनी जे येत होतं तेच केलं. पाळी लावली.

मंगळवारी गावठाणातले सदाशिव आले. आल्या आल्या त्यांनी विचारलं, "काल मान्यांच्या पोरांनी जास्तीचं वाचलं म्हनं? त्ये आमचं भरून द्या." बुधवारी शिंदे मळ्याचे दोघं आले, कारण मळ्यातल्या दोन भावांचं पटत नव्हतं आणि अर्धी अर्धी पाळी हवी होती. मधल्या सुट्टीत एक उठला, दुसरा बसला.

भीक नको पण कुत्रं आवर, अशी माझी गत झाली.

मी निंबाळकरबाईंकडे गेलो. त्या निवृत्तीला आलेल्या, समितीच्या सचिव, आणि गावाशी भांडण म्हणजे उकळत्या तेलात हात, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

"गुरव सर, चार दिवसांचा उत्साह असतो," त्या म्हणाल्या. "ओसरेल."

ओसरला नाही. ज्या गावानं पाण्याची पाळी कधी चुकवली नाही ते शाळेची कशाला चुकवतंय? पावसाळा संपला, दिवाळी झाली, तरी रोज सकाळी दारात कुणीतरी बसलेलं. हळूहळू माझ्यात काय बदललं ते मला कळत होतं आणि कळून काही करता येत नव्हतं. पूर्वी मी पोरांना लिंबाखाली नेऊन चिंचोक्यांनी गणित शिकवायचो. त्यात गोंधळ व्हायचा. पोरं चुकायची, भांडायची, चिंचोके खिशात घालायची, आणि त्यातनंच शिकायची. पण दारात बसलेल्या माणसाला त्यात शाळा दिसत नसे. "खेळ झाला, आता शिकवा की," असं सदाशिव एकदा म्हणाले. मग मी फळ्याशी आलो. पाढे एका सुरात म्हणवून घेऊ लागलो. ज्यांना येतं त्यांनाच उभं करू लागलो. आवाज मोठा, दिसायला झकास. दारातला माणूस मान डोलावून घरी जायचा, आणि मी घशाला कोरड पडेपर्यंत ओरडून खोलीवर यायचो. जेवावंसं वाटत नसे. झोपावंसंही वाटत नसे.

त्यात कराडहून जाधवचा फोन आला. जाधव माझ्याबरोबर डीएड झालेला. त्याचं सासर ढोलेवाडीच्या शेजारचं, त्याला इकडं यायचं होतं. माझी बायको अस्मिता आणि लेक मनू कराडला. त्यानं माझ्या जागी यायचं, मी त्याच्या जागी जायचं; आपसी बदलीचा याहून सरळ योग कुठला?

"सोमवारी संध्याकाळपर्यंत सांग दिग्या," तो म्हणाला. "नाहीतर मी दुसरा माणूस बघतो."

अस्मितानं तर सामान लावायला कपाटातला एक खण रिकामा करून ठेवला होता. तरीही मी त्याला लगेच हो म्हटलं नाही. का, ते मलाही सांगता येईना. रात्रंदिवस तेच डोक्यात फिरत होतं. जायचं तर जावं, राहायचं तर राहावं, हे धड इकडं ना धड तिकडं काय?

त्या आठवड्यातला गुरुवार मला अजून दिसतो.

गुरुवार टेलच्या वस्तीचा. पाटाच्या अगदी शेवटाला असलेल्या वस्तीला सगळे टेल म्हणत. वरच्यांची भिजवण होऊन तिथवर पाणी पोचेपर्यंत पाट कोरडा व्हायचा. पाण्याचाच पत्ता नाही तर शाळेची पाळी कसली, म्हणून तिथलं कुणी आजवर आलं नव्हतं. गुरुवारी दार रिकामं असे. मला तेवढाच विसावा.

त्या दिवशी मात्र दारात सोजर हाके उभी. समितीत तिचं नाव होतं, पण मी तिला बैठकीत कधी तोंड उघडताना पाहिलं नव्हतं. तिची लेक ऋतुजा दुसरीत. तीही तशीच, विचारलं तर खाली बघणारी. सोजर खुर्चीवर बसली नाही. चौकटीला टेकून उभी राहिली.

माझा आधीच पारा चढला होता. "बोला," मी म्हटलं. "तुमच्या वस्तीच्या पोरांना काय विचारू? पाढे विचारू का कविता?"

"काय बी नगा इचारू."

"मग?"

"त्ये चिंचोक्याचं का बंद केलं तुमी?"

मी खडू खाली ठेवला.

"माजी लेक घरी येऊन चिंचोके मांडायची," ती म्हणाली. "चुलीम्होरं, गोठ्यात, कुटं बी. मी म्हनायची, आगं ऊठ, तर म्हनायची, थांब, ह्यो डाव हुंदे. आता नुसतं घोकती. मी इचारलं काय घोकती, तर तिला ठावं न्हाई." थोडं थांबून ती म्हणाली, "आज पाळी आमची हाय न्हवं? मला त्ये पायजे."

"बाई, लोक म्हणतात गुरुजी खेळत बसतात."

"लोकांची पाळी लोकांच्या दिशी."

खरं सांगतो, मला रागच आला. इतके महिने मी मन मारून शिकवत होतो आणि ही बाई येऊन मला माझंच काम मागत होती. पण पोरांनी ऐकलं होतं. "चिंचोके! चिंचोके!" म्हणत पहिली-दुसरी उठलीसुद्धा. कपाटातला डबा मी नव्हे, त्यांनीच काढला.

लिंबाखाली पसारा मांडून झाला, पोरं गुडघ्यांवर वाकली, आणि कितीतरी दिवसांनी मला माझा आवाज हळू झालेला ऐकू आला. कुणी चुकत होतं, कुणी दुसऱ्याचा चिंचोका ढापत होतं, मी मधे उकिडवा बसून हसत होतो. तेवढ्यात फाटकाशी मोटारसायकल थांबली.

बाजीराव उतरले. रिकामा वर्ग बघितला, कोरा फळा बघितला, मग आमच्याकडे वळले.

"शाळा सुटली का काय?"

"नाही अध्यक्ष, गणित चाललंय."

"मातीत?" ते तरातरा आमच्याकडे यायला निघाले. "गुर्जी, सरकार पगार देतं त्यो फळ्याम्होरं हुबं ऱ्हायाचा. उठवा पोरं."

मी उठायला लागलो. तेवढ्यात सोजर मधे आली.

"अध्यक्ष, बांध वलांडू नगा."

बाजीराव थबकले.

त्या गावात एक रीत होती. पाटकऱ्यानं दार उघडून पाणी एकदा रानात सोडलं की पाळी संपेपर्यंत त्यानं त्या रानाचा बांध ओलांडायचा नाही. पाणी उसाला द्या, कांद्याला द्या, नाहीतर नुसतं जिरवा, ते ज्याची पाळी त्यानं बघायचं. पाटकरी आत शिरला तर तो पाणी फिरवायला आला असं धरत, आणि ही रीत बाजीरावांइतकी कडक कुणीच पाळली नव्हती.

"आज पाळी टेलची हाय," सोजर म्हणाली. "तुमीच लावली. दार तुमी उघडलं. आता पानी कुटं द्यायाचं त्ये आमी बघू."

बाजीरावांनी पाय मागे घेतला. चिंचोक्यांच्या पसाऱ्याला वळसा घालून ते फाटकाकडे गेले आणि जाताना एवढंच म्हणाले, "उद्या मिटिंग. गुर्जी, तुमी बी या."

झालं, मी मनात म्हटलं. आता समितीचा ठराव माझ्याविरुद्ध वर जाणार. जाधवला हो म्हणायला याहून चांगलं कारण कुठलं? पण त्या रात्री मला झोप लागली नाही ती ठरावाच्या भीतीनं नव्हे. जायचं झालं तर हरून नको, एवढंच वाटत होतं.

शुक्रवारी शाळा सुटल्यावर समिती वर्गात सतरंजीवर बसली. निंबाळकरबाईंनी चहा सांगितला. तो यायच्या आतच भांडण पेटलं.

"टेलला झाडाखालचं शिकीवलं," सदाशिव म्हणाले. "आमास्नी का न्हाई? आमी काय सावत्र?"

"तुमीच म्हनला हुता खेळ बंद करा म्हनून," तानूबाई त्यांच्या अंगावर गेल्या. "आता आमच्या सोमवारी बी चिंचोके पायजेत. जास्तीचे."

मग कुठल्या वस्तीला किती चिंचोके यावर चालू झालं. मी ऐकत होतो. तळपायाची आग मस्तकाला गेली आणि मी उठून उभा राहिलो.

"मी पाणी नाही!" मी ओरडलोच. "मला वाटून घ्यायला मी पाटातलं पाणी नाही. माणूस आहे. रोज दारात माणूस बसतो, त्याला जे दिसेल तेच मी शिकवतो. मोठ्यानं पाढे म्हणून घेतो, कारण ते तुम्हाला ऐकू येतं. ज्याला येतं त्यालाच विचारतो, कारण ते तुम्हाला बरं वाटतं. ज्याला येत नाही त्याच्याकडे मी कित्येक दिवसांत वळून बघितलेलं नाही. तुमच्या देखरेखीत ही पोरं मागं पडली. आणि मी... मला सकाळी शाळेत यावंसं वाटत नाही. लिहा हे ठरावात."

निंबाळकरबाई डोळ्यांनी मला बसा बसा खुणावत होत्या. मी बसलो नाही.

बाजीरावांनी टोपी काढून तिची घडी केली.

"एक साल," ते म्हणाले, "माज्यावर कालवा खात्याचा मानूस बसीवला हुता. वरून कुनीतरी तक्रार केली हुती. त्यो रोज पुलावर येऊन बसायचा, आन त्येला पुलावरनं जेवडी रानं दिसत तेवडी मी भिजवायचो. कागदावर माजं काम लई ब्येस झालं." त्यांनी सोजरकडे बघितलं. "त्या साली टेलची बाजरी जळाली. हिच्या सासऱ्यानं मला काय बी म्हटलं न्हाई. नुसता बघायचा."

त्यांनी टोपी पुन्हा डोक्यावर चढवली.

"पाळी बंद न्हाई व्हायाची," ते म्हणाले. "शाळा गावाची हाय, गावानं यायाचंच. पन येत्या सोमवारची पाळी गुर्जींची. त्या दिशी कुनी फाटकाच्या आत पाय ठिवायचा न्हाई. मी सुदिक."

"आन आमची पाळी?" तानूबाई.

"तुमी लई पानी प्याला."

सगळे हसले. मीही हसलो, आणि हसता हसता मनात आलं, सोमवारी संध्याकाळीच तर जाधवला सांगायचंय. मिळाला तो दिवस शेवटचाच असेल तर असेल, तेवढा तरी मनासारखा घालवू.

सोमवारी दार रिकामं होतं. खुर्ची मी स्वतः आत नेऊन ठेवली. पोरांना लिंबाखाली नेलं आणि सांगितलं, मूठभर चिंचोके घ्या, जोड्या लावा, उरतो का बघा. माझ्या मनासारखं चाललं होतं. तरी चैन पडेना. मी सारखा फाटकाकडे बघत होतो. येणार कुणी नव्हतं, हे माहीत असून बघत होतो.

मग ऋतुजानं माझी बाही ओढली.

"गुर्जी, माजा एक उरला. त्येला जोडी न्हाई."

"बरं."

"सुमीचा बी एक उरला." ती पहिल्यांदाच माझ्याकडे बघून बोलत होती. "आमी दोघींनी एकत्र केलं. मग त्या उरलेल्यांचीच जोडी झाली. आता कायच उरत न्हाई."

मी तिच्यासमोर बसलो. "दुसरं घेतलं तरी तसंच होईल का? करून बघ."

तिनं करून बघितलं. मग उठली, आणि ज्यांच्या ज्यांच्याकडे एक उरला होता त्यांना गोळा करून त्यांच्या जोड्या लावायला लागली. दोन विषम मिळून सम, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. मी तिला अजून विषम हा शब्दही सांगितला नव्हता. पोरगी गावजेवणाला पंगत बसवावी तशी पोरं बसवत सुटली होती, आणि मला इतका आनंद झाला की मी ताडकन उभा राहून दाराकडे वळलो. "बघितलंत का?" असं तोंडातून जवळजवळ निघालंच.

दारात कुणीच नव्हतं.

इतके महिने ज्यांनी जीव नकोसा केला ती माणसं त्या क्षणी मला हवी होती. सगळी नकोत. जिला काय बघायचं ते ठाऊक होतं ती एक हवी होती.

शाळा सुटल्यावर मी गाडी काढली ती खोलीकडे नव्हे, पाटाच्या कडेनं टेलकडे. सोजर ज्वारीत खुरपत होती. मला बघून घाबरलीच. "पोरीनं काय केलं का?"

मी सांगितलं पोरीनं काय केलं ते. हातवारे करून, वाळकी ढेकळं मांडून दाखवलं. तिला सगळं समजलं की नाही कोण जाणे, पण दुसऱ्यांदा मांडायला लावलं आणि मधेच खुरपं टाकून तोंडाला पदर लावला.

तेवढ्यात जाधवचा फोन. मी तिथंच, बांधावर उभं राहून म्हणालो, "नाही जमायचं रे. दुसरा माणूस बघ." तो शिव्या देत राहिला. देणारच.

"बदलीचं हुतं का?" सोजरनं विचारलं. गावात काही झाकून राहत नाही.

"होय. नाही म्हटलं."

"आन घरची?"

"त्यांना सांगायचंय अजून."

ती थोडी घुटमळली. मग खाली बघून, लेकीसारखीच, म्हणाली, "गुर्जी, राग मानू नगा. तुमची लेक कुटल्या शाळंत हाय?"

"कराडला. इंग्लिश मीडियम."

ती हं म्हणाली आणि पुन्हा खुरपायला बसली. बस्स, एवढंच. पण मला तिथून हलता येईना. इतकी वर्षं मी दुसऱ्यांच्या पोरांना शिकवत होतो, आणि माझी शाळा माझ्या पोरीला पुरेल का, हे मला कुणी विचारलं नव्हतं. मीही विचारलं नव्हतं.

परतताना पुलाशी गाडी थांबवून मी अस्मिताला फोन लावला.

"झालं का बदलीचं?" तिनं पहिल्याच झटक्यात विचारलं.

"नाही म्हणून सांगितलं." आणि ती काही बोलायच्या आत मी म्हणालो, "मनूला जूनमध्ये पहिलीत इकडं घालू या का? माझ्या शाळेत. तुम्ही दोघी इकडं या."

तिचा आवाज रागानं भरलेला होता. "अहो, न विचारता ठरवलंत? आणि त्या शाळेत काय असतं ते मी बघितलंय का कधी? मी आधी येणार. दिवसभर वर्गात बसणार. तुम्ही कसं शिकवता ते बघणार. मग ठरवू."

"ये की," मी म्हणालो. "कुठल्या वारी येतेस?"